बाजेतला दुसरा खळगा

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, असं म्हणणंही थोडं जास्तच होईल. त्या विषयाशी माझा संबंध कामापुरता होता. पुण्यातल्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो आणि वाचकांची पत्रं माझ्या टेबलावर येत. त्यांत अधूनमधून असं एखादं असायचंच — चिंचेखाली उभी राहिलेली बाई, विहिरीतून आलेली हाक... मी ती बाजूला टाकायचो. थट्टा म्हणून नव्हे. कोणी पाहिलं, उजेड किती होता, शेजारी आणखी कोण होतं, एवढंही त्यांत नसायचं.

आज मीच तसलं पत्र लिहायला बसलो आहे, तेव्हा त्या गोष्टी आधी सांगतो. जागा — राजगडाच्या पायथ्याला पाली गाव आहे, तिच्या वरच्या अंगाची एक वाडी. नाव देत नाही. घरं मोजकी आहेत, माणसं ओळखू येतील. काळ — हे दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन पावसाळे आधी. उजेड — जे पाहिलं ते दिवसा पाहिलं. शेजारी — माझा आतेभाऊ किसन आणि त्याची बायको सगुणावहिनी.

राधाआत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. ती बिजवराला दिलेली होती. तिच्या नवऱ्याची पहिली बायको हिवतापानं गेली तेव्हा मागं एक रांगतं मूल होतं. तोच किसन. आत्याला स्वतःचं मूल झालं नाही. तिनं किसनला वाढवला, त्याचं लग्न केलं, आणि सावत्र हा शब्द त्या घरात मी तरी कधी ऐकला नव्हता.

आमच्याकडे बिजवराची बायको गळ्यात मेलेल्या सवतीचा टाक घालते. चांदीचा छोटासा पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली, काळ्या दोऱ्यात ओवलेला. नवं लुगडं आलं की त्याचा पदर आधी टाकाला लावायचा, सणाचा घास आधी त्याला दाखवायचा, मग स्वतः. आत्या त्या टाकाला ‘थोरली’ म्हणायची. नवरा गेला तेव्हा तिचं मंगळसूत्र उतरवलं. टाक तिनं उतरवू दिला नाही. म्हणाली, “ती त्यांच्या आधी माजी हाय.”

भातलावणीच्या दिवसांत आत्या पडल्याचा निरोप मला पुण्यात मिळाला, तो तीन-चार आठवडे उशिरा. नसरापूरपर्यंत मोटार होती. पुढं बैलगाडी, मग पायी. वाडीच्या अलीकडची नदी मांडीएवढ्या पाण्यातून ओलांडली, आणि दुसऱ्या दिवशी ती दोन्ही काठ धरून वाहायला लागली. मी दोन दिवसांची रजा काढून आलो होतो. परतीची वाट बंद झाली.

घर दोन खणांचं. एका खणात बैल आणि म्हैस, दुसऱ्यात माणसं, मध्ये कुडाची भिंत. पावसामुळे चूल सतत पेटती, धूर वरून जायच्या ऐवजी खाली उतरायचा. आत्याची बाज कोपऱ्यात होती. एका बाजूला भिंत, उशाला भाताची कणगी, पायथ्याला सरपण. मोकळी अशी एकच बाजू, आणि त्या बाजूलाच तिचा मोडलेला उजवा पाय.

ती कशी पडली हे मी वहिनींना दोन-तीनदा विचारलं. दर वेळी उत्तर तेच.

“पडल्या कुठं? चुलीम्होरनं उठल्या, मेढीला हात लावला, आन बसल्या खाली. न्हाई पाय सरकला, न्हाई ठेच लागली. भुई कोरडी हुती.”

“त्याआधी तब्येत बरी होती?”

“तशा बऱ्याच म्हणायच्या. पर गेल्या सुगीपास्नं अर्धी भाकरी ठेवायच्या. पाण्याला जायचं त्यांनीच बंद केलं. भिताड धरून चालायच्या. म्या म्हणलं, वय झालं.”

धनगरवाड्यावरून हाडं बसवणारा म्हातारा आला होता. त्यानं खुब्यावर लेप लावला, पाय बांबूच्या कामट्यांनी बांधला, आणि जाताना सांगून गेला की लेप वाळेपर्यंत अंगावर धातू ठेवू नका. म्हणून हातातल्या पाटल्या आणि गळ्यातला टाक वहिनींनी काढला. आत्या तेव्हा वेदनेनं शुद्धीवर नव्हती. पाटल्या डब्यात गेल्या, टाक फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात. पुढं कामट्यांखालची कातडी सोलवटली, तेव्हा कामट्याही सोडून टाकल्या. टाक मात्र तिथंच राहिला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी आत गेलो तेव्हा आत्या जागी होती. तोंडावर कातडी आणि डोळे एवढंच उरलं होतं.

“शिरपती, आलास व्हय. बरं केलंस. आता हिला म्हणावं जरा सरक तिकडं.”

“कुणाला, आत्या?”

“हिला. थोरलीला.” तिनं मोकळ्या बाजूकडे हनुवटी केली. “हिकडं भिताड, तिकडं ही. मधी म्या. कूस बदलायला जागा न्हाई ठेवली बाईनं.”

वाकळ सोडून तिथं काही नव्हतं. म्हातारी माणसं अंथरुणाला खिळली की भ्रमतात, हे मी पाहिलं होतं. संध्याकाळ झाली की आत्या मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारायची, माहेरची म्हैस विकली का म्हणून विचारायची. ती म्हैस विकून कैक वर्षं झाली होती. पण ह्या एका बाबतीत तिच्या बोलण्यात फरक पडत नव्हता. सकाळी, चांगल्या शुद्धीत असतानाही ती तेच सांगायची. थोरली उजव्या अंगाला निजते. पायाला पाय लावून. मांडीपासून टाचेपर्यंत. हलू देत नाही.

“दुखतं का तिचं लागून?” मी विचारलं.

“दुखतं न्हाई. पर जड हाय. दगडाखाली हात गावल्यावाणी. सुटत न्हाई.”

मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तू पेपरात छापतोस न्हवं? मग ह्ये छाप. राधा मेली ती सवतीनं दाबून.”

हे म्हणताना ती हसली होती. तेव्हा ती हसू शकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी किसनदादा पायथ्याशी बसून बाजेची दावण, म्हणजे पायथ्याची ताणदोरी, ओढत होता. सुंभाची बाज सैल पडते, अधूनमधून ओढावी लागते, त्यात नवल नाही. पण तो रोज सकाळी हेच करतो आहे, असं वहिनी म्हणाल्या. मीही मदतीला दोरी धरली. एक गाठ मारून तो थांबला.

“शिरपती, एक बघ. मला वेड्यात काढू नगंस.”

त्यानं वाकळ बाजूला केली. आत्या भिंतीकडे होती, तिच्याखाली दोऱ्या थोड्या खाली गेल्या होत्या. ती इतकी आटलेली होती की तो खोलगटपणा एखाद्या पाटाएवढाच. तिच्या उजव्या बाजूला, जिथं कुणी नव्हतं, तिथं दुसरा खळगा होता. हा चांगला खोल. खांद्याशी रुंद, कमरेशी त्याहून रुंद, खाली निमुळता. धडधाकट बाई कुशीवर निजली तर पडेल तसा.

माझ्या मनात आलं ते साधंच होतं. वहिनी रात्री तिथं बसत असतील. वहिनी म्हणाल्या, त्या चुलीपाशी निजतात. बाजेचा एक पाय आखूड असेल. मी बाज चहूबाजूंनी पाहिली. पाय सारखे होते. सुंभ ओला होऊन एका बाजूनं ताणला असेल. हे मला पटण्यासारखं होतं, म्हणून मी दादाला म्हणालो, आपण बाज फिरवू. आत्याला दोघांनी उचलून चटईवर ठेवलं. तिला उचलताना मला लाज वाटली, इतकी ती हलकी होती... वाळलेल्या पेंढीसारखी. बाज उशाकडून पायथ्याकडे फिरवली, म्हणजे सैल दोऱ्या भिंतीकडे गेल्या आणि ताठ दोऱ्या मोकळ्या बाजूला आल्या. दावण पुन्हा कसली. आत्याला परत निजवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळगा मोकळ्या बाजूलाच होता. भिंतीकडच्या सैल दोऱ्या आत्याखाली जेमतेम दबल्या होत्या.

मागलं दार उघडं होतं, पावसाचा का होईना, उजेड होता. मी चंचीतली एक सुपारी घेतली आणि दोघींच्या मधल्या उंचवट्यावर — ‘दोघींच्या’ असं मी लिहून गेलो, ते तसंच राहू देतो — दोरीवर ठेवली. जिवंत माणसाचं वजन जिकडे, तिकडे ती घरंगळायला हवी. ती उलट्या बाजूला गेली. खळग्यात उतरली नाही. खळग्याच्या कडेला, काहीतरी आडवं असल्यासारखी अडली, आणि तिथंच राहिली. मी हात घालून पाहिलं. हाताला काही लागलं नाही. ना ऊब, ना गारवा. फक्त खालच्या दोऱ्या बोटांनी दाबून पाहिल्या, त्या तारेसारख्या ताणलेल्या होत्या.

दादा म्हणाला, “बास कर.”

मी सुपारी उचलली.

त्या दिवसापासून मी त्याच्यामागं लागलो. नदी उतरली की आत्याला भोरला न्यायचं. संस्थानच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले एक डॉक्टर तिथं स्वतःच्या घरी रोगी पाहायचे, हे मला ठाऊक होतं. दादा ‘हो’ म्हणत नव्हता.

“वाटंत काय झालं तर? लोक म्हणतील, सावत्र हुती म्हणून भर पावसात बाहीर काढली. खरी आई असती तर काढली असती का, म्हणतील.”

“आणि इथं ठेवून काय होईल?”

“हितं ती तिच्या घरात हाय.”

ह्यावर आतून आत्याचा आवाज आला. “घरात न्हाई रं किसना. कोनाड्यात हाय म्या. एक डाव मला अंगणात काढ. ऊन पडंल तवा. मला हलू दे, एवढंच मागती म्या.”

पण ऊन पडत नव्हतं. नदी उतरत नव्हती. आमच्यापैकी कुणीच कुठं जाऊ शकत नव्हतं. दादा इरलं डोक्यावर घेऊन खाचराचे बांध बघून यायचा आणि परत त्याच धुरात येऊन बसायचा. मी कुडाला टेकून बसायचो. वहिनी आत्याला पेज भरवायच्या. ती चार घोट घ्यायची आणि तोंड फिरवायची, भिंतीकडे. दुसरीकडे ती कधीच फिरवत नसे. दिवसेंदिवस तिचं बोलणं एकाच गोष्टीवर येऊन थांबायला लागलं. उठवा हिला. मला जागा द्या. पहिले काही दिवस हे कुरकुरीसारखं होतं. नंतर ती रडू लागली, आवाज न करता, आणि ते पाहवत नव्हतं.

“माज्या हातनं काय कमी झालं ग बाई,” असं ती त्या रिकाम्या वाकळीला विचारायची. “तुजं पोर संभाळलं. तुला सोडून कवा घास घेतला न्हाई.”

आणि मग एका दुपारी तिनं गळ्याला हात लावला. बोटं चाचपडत राहिली.

“सगुणा, माज्या गळ्यातली कुठं हाय?”

वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी सगळं सांगितलं — लेप, धातू, फडकं, देव्हारा. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं. तिला कोडं सुटल्यासारखं झालं असावं.

“म्हंजी तिला माज्यापास्नं काढली. म्हणून आली ती. आन माजी जागा दावती मला. आनंद हाय.” मग म्हणाली, “बांधा परत. बांधा म्हंजी जाईल.”

वहिनी लगेच उठल्या. दादा उठला नाही. तो बाजेजवळ जमिनीवर बसला होता. मग त्यानं आपला हात त्या खळग्यावर ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला. दादा तेव्हा पन्नाशीला आलेला होता. आपल्या जन्मदात्या आईचा चेहरा त्याला आठवत नव्हता; टाकावरची आकृती तेवढी त्यानं पाहिलेली, आणि टाकावर सगळ्याच बायका सारख्या दिसतात.

“आई,” तो आत्याला म्हणाला, “ती काय बोलती का?”

“न्हाई.”

“काहीच न्हाई?”

“नुसती धरती रं.” आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. तिला कळलं असावं. “किसना, तुजी आई हाय. तू म्हणशील तर ऱ्हाऊ दे. म्या सोशीन.”

दादा उठून देव्हाऱ्याकडे गेला. फडकं सोडलं, टाक पाण्यानं धुतला. परत येऊन आत्याची मान त्यानं हातावर घेतली आणि दोरा बांधला. गाठ बसेना. मी पुढं झालो, तर मान हलवून नको म्हणाला. वहिनींनी ताटलीत भात-गूळ आणला. त्यातला घास आत्यानं आधी टाकाला लावला आणि मग तोंडात घातला.

मी बाजेकडे बघत होतो, म्हणून जे पाहिलं ते सांगतो. सुंभ करकरला. माणूस बाजेवरून उठतं तेव्हा करकरतो, तेवढाच. मोकळ्या बाजूच्या दोऱ्या वर आल्या. वाकळीवरची सुरकुती सरळ झाली. मी सुपारी पुन्हा ठेवली आणि ती गडगडत जाऊन आत्याच्या हाताला लागली.

आत्यानं एक लांब श्वास सोडला. “गेली,” म्हणाली. आणि मी आल्यापासून पहिल्यांदाच ती मोकळ्या बाजूला कलली. वहिनींनी धरायच्या आत तिनं अंग वळवलं, दुखलं तशी कण्हली, पण थांबली नाही. त्या कुशीवर ती तशीच झोपली. संध्याकाळी तिनं वाटीभर पेज मागून घेतली. आम्ही तिघंही त्या दिवशी नीट जेवलो.

नंतर दावण ओढावी लागली नाही.

पुढच्या आठवड्यात पाऊस ओसरला. दादाही आता न्यायला तयार झाला. तिचा धीर पाहून त्यालाही धीर आला होता. बाजेला दोन वासे बांधून वाडीतल्या चौघांनी ती उचलली; वहिनीही बरोबर निघाल्या. नदीपर्यंत उतार होता. उतारावर पाय पुढं ठेवून नेलं तर रोग्याला बरं पडतं, पण पाय पुढं करून फक्त मढं नेतात, म्हणून माणसांनी डोकं पुढं ठेवलं आणि आत्या सगळा उतार डोकं खाली, पाय वर अशी उतरली. तिनं तक्रार केली नाही. ऊन होतं. ती डोळे मिटून तोंडावर ऊन घेत होती. पुढं गाडी, नसरापूर, तिथून मोटार. भाटघरच्या धरणाचं पाणी दिसलं तेव्हा तिनं विचारलं, “ह्या पान्याखाली माणसांची घरं हायेत म्हणं?” दादा म्हणाला, होती. ती म्हणाली, “त्यांनी तर दारं बी उघडी टाकली आस्तील.”

डॉक्टर म्हातारे, कमी बोलणारे होते. त्यांनी आधी पायाला हात लावला नाही. पडायच्या आधी जेवण किती होतं, पाणी स्वतः आणायच्या का, बसल्या जागेवरून हात न टेकता उठायच्या का, असं वहिनींना विचारत गेले. वहिनींनी मला सांगितलं होतं तेच सांगितलं.

“म्हणजे शरीर आधीच उतरत आलं होतं,” ते म्हणाले. “ह्या वयात खुबा मोडला की नुसतं हाड बघून चालत नाही. आधी अंगात काय शिल्लक होतं, त्यावर पुढचं असतं.”

मग त्यांनी लुगडं गुडघ्यावर घेऊन दोन्ही पाय शेजारी ठेवले. उजवं पाऊल पूर्ण बाहेर पडलेलं होतं, करंगळी तपासायच्या फळीला टेकली होती, आणि टाच डाव्या टाचेच्या बरीच वर. मी पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हा दोन्ही पावलांचे अंगठे आढ्याकडे होते. हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

डॉक्टरांची बोटं खुब्यापाशी एका जागी थांबली, पुन्हा तिथंच फिरली. मग मांडीच्या बाहेरच्या अंगानं खाली घोट्यापर्यंत आली. तिथं कातडीवर एक लांब, सरळ, फिकट पट्टा होता.

“वाळूची पिशवी कुणी लावली होती?”

“कसली पिशवी?” दादानं विचारलं.

“बाहेरून पायाला लागून. पाऊल वळू नये म्हणून लावतात. आम्हीही तेच करतो, ह्याहून फार काही करता येत नाही.”

“न्हाई लावली.”

“विटा? लाकडाचा ओंडका?”

“न्हाई.”

“कामट्या किती दिवस होत्या?”

“आठवडाभर बी न्हाई.”

डॉक्टरांना हे आवडलं नाही. आम्ही काहीतरी लपवतो आहोत असं त्यांना वाटलं असावं. “हे बघा, मी रागावत नाही. हा पाय कुणीतरी महिनाभर तरी धरून ठेवलेला आहे, आणि चांगला धरलेला आहे. हाड जुळायला लागलं होतं. इथं गाठ लागते हाताला. ह्या वयाला, ह्या अंगाला ते सहसा होत नाही. आणखी तेवढेच दिवस धरला असता तर काठी घेऊन चालल्या असत्या. मग अलीकडेच तो सोडला. जुळलेलं सरकलं, पाय फिरला. आता काही करता येणार नाही.” त्यांनी लुगडं खाली ओढलं. “सोडला कुणी?”

मी काहीतरी बोलणार होतो — बाज, सुंभ, सुपारी...

आत्या फळीवर पडल्यापडल्या सगळं ऐकत होती. तीच बोलली.

“म्या सोडायला लावला.”

डॉक्टरांनी मान हलवली. म्हातारी भ्रमली आहे असं समजून त्यांनी तिच्या खांद्यावर हलकेच थोपटलं.

आम्ही तिला परत नेलं. ती चालली नाही. हातांवर रेटत दारापर्यंत यायची, तेही काही महिनेच. पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा बाज त्याच कोपऱ्यात होती. आत्याच्या गळ्यात टाक नव्हता. वहिनी मला बाहेर नेऊन म्हणाल्या, “भाऊजी, त्यांनीच काढला. त्याच फडक्यात, त्याच जागी ठेवायला लावला. चार महिनं झालं.”

आत आत्या भिंतीला चिकटून निजली होती, जेवढी चिकटता येईल तेवढी. बाजेची मोकळी बाजू तिनं पूर्ण सोडली होती. दादानं घोंगडीची पिशवी शिवून तीत नदीची वाळू भरली होती. ती पिशवी सरपणाजवळ पडली होती.

“पिशवी नको का, आत्या?”

“वाळू नुसती जड आसती, शिरपती. ती धरत न्हाई.”

“आली का थोरली?”

“न्हाई.” मग म्हणाली, “जागा तर ठेवलीया म्या.”

त्यानंतरच्या हिवाळ्यात छातीत कफ भरून ती गेली. मी पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

ह्या प्रकाराचा खुलासा मी माझ्या परीनं शोधला आहे. पट्टा कशाचाही असू शकतो. बाजेच्या काठाचाही, फक्त तो काठ तिच्या पायापासून दूर होता. हाड क्वचित आपलं आपण जुळतं, असं पुण्याच्या एका डॉक्टरांनी मला सांगितलं. दोऱ्या आणि सुपारीबद्दल त्यांना विचारायचं धाडस मला झालं नाही. एकेका गोष्टीला एकेक कारण मिळतं. सगळ्यांना मिळून एक मिळत नाही.

दहाव्याला, नदीकाठी, दादानं मला बाजूला घेतलं. डोकं भादरलेलं, अंगावर ओला पंचा. तो म्हणाला, “तू शिकलेला. तू सांग. म्या तिला मोकळी कराया टाक बांधला. मोकळी केली का म्या तिला?”

हे पत्र मी त्याच्या ह्या प्रश्नावरच संपवतो.